न झालेल्या गोलाची किंमत : महिला फुटबॉलमधली बचावपटू आणि तिची कारकीर्द

२०२५च्या जानेवारीत लंडनच्या चेल्सी क्लबने नेओमी गिर्मा हिला अमेरिकेतल्या सॅन डिएगो वेव्हकडून आपल्या संघात घेतलं, तेव्हा सगळ्या बातम्या एका आकड्याभोवती फिरत होत्या. सुमारे ११ लाख डॉलर. महिला फुटबॉलमध्ये एका खेळाडूसाठी दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम मोजली जाण्याची ही पहिलीच वेळ. काही महिन्यांतच हा विक्रम मोडला गेला, पण पहिल्याचा मान गिर्माचाच राहिला. आणि ती गोल करणारी खेळाडू नाही. ती सेंटर-बॅक आहे, म्हणजे आपल्या गोलजाळ्यासमोर मधोमध उभी राहणारी बचावपटू.

फुटबॉल अधूनमधून पाहणाऱ्याला इथे प्रश्न पडणं साहजिक आहे. गोल मारणारीला पैसे मिळतात, हे समजतं. जिच्या नावावर हंगामात जेमतेम एखादा गोल लागतो, तिच्यासाठी एवढी रक्कम कशाला? आणि त्याच वेळी याच खेळातल्या कितीतरी बचावपटू दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी सरावाला जातात, ते का? मला वाटतं, दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. बचावपटूचं काम मोजायला अवघड आहे, आणि जे मोजता येत नाही त्याला दाम मिळायला फार उशीर लागतो.

ती मैदानावर नेमकं काय करते?

अकरा जणींच्या संघात एक गोलरक्षक असते. तिच्या पुढे बहुतेक संघ चौघींना उभं करतात : मधोमध दोन सेंटर-बॅक आणि दोन्ही कडांना एकेक फुल-बॅक. काही प्रशिक्षक मध्ये तिघींना ठेवतात आणि कडेच्या दोघींना बरंच पुढे धाडतात. मांडणी कोणतीही असली, तरी राखायचं ते गोलजाळं ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. महिलांसाठीही माप तेच, पुरुषांसाठीही तेच.

नवख्या प्रेक्षकाला वाटतं की बचाव म्हणजे समोरचीच्या पायातला चेंडू हिसकावून घेणं. त्याला टॅकल म्हणतात, आणि तो शेवटचा उपाय असतो. विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारी खेळाडू, चेंडू घेऊन वेगात येते, तेव्हा हुशार फुल-बॅक तिच्यावर झडप घालत नाही. ती अंग थोडं तिरकं करून मागे मागे सरकते आणि विंगरला कडेच्या रेषेकडे रेटत नेते. तिथून गोलजाळं दिसतं, पण मारायला कोन उरत नाही. या दोन-तीन सेकंदांत मध्यरक्षक, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्या सहकारी, मदतीला परततात, विंगरला चेंडू मागे द्यावा लागतो आणि हल्ला विझतो. टीव्हीवर फक्त एक साधा मागे दिलेला पास दिसतो. बचावपटूने काय केलं, ते दिसतच नाही.

दुसरं मोठं काम ऑफसाइडचं. नियम असा : सहकारी चेंडू मारते त्या क्षणी प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये, गोलरक्षक धरून किमान दोन प्रतिस्पर्धी असावे लागतात किंवा निदान तिच्या बरोबरीला तरी. नसतील तर ती ऑफसाइड. त्यामुळे बचावफळी एका ओळीत वेळेवर पुढे सरकली, तर समोरच्या आघाडीवीर आपोआप बाद ठरतात. पण चौघींपैकी एकीचं पाऊल अर्ध्या सेकंदाने मागे राहिलं की सगळा बेत फसतो. म्हणूनच सेंटर-बॅक सामनाभर बोलत असते. कोणी वर यायचं, कोणी मागे राहायचं, कुणाच्या पाठीशी कोण आहे, हे ती सतत ओरडून सांगते. मैदानाकडे तोंड करून उभी असल्यामुळे तिला आणि गोलरक्षकालाच संपूर्ण खेळ समोर दिसतो. इतरांना डोळे फिरवून पाहावं लागतं.

मुसळधार पावसात छप्पर गळलं नाही, तर घरातलं कोणी छपराचं नाव काढत नाही. एक थेंब पडला की सगळ्यांच्या माना वर होतात. बचावपटूचं अगदी तसंच आहे.

मग तिची गुणवत्ता मोजायची कशी?

पहिला मोह आकड्यांचा होतो. किती टॅकल केल्या, किती वेळा चेंडू अडवला. पण इथेच गंमत आहे. खूप टॅकल करणारी बचावपटू कदाचित वारंवार चुकीच्या जागी सापडत असेल, म्हणून तिला जमिनीवर घसरत जावं लागत असेल. जी आधीच योग्य जागी उभी राहते, तिच्या दिशेने पासच दिला जात नाही. तिच्या रकान्यात शून्य लागतं, आणि ते शून्य म्हणजे तिचं यश.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत क्लबांनी यावर उपाय शोधले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘अपेक्षित गोल’. कल्पना सोपी आहे. मागच्या हजारो फटक्यांच्या नोंदी पाहून, एखाद्या जागेवरून, एखाद्या कोनातून मारलेला फटका गोल होण्याची शक्यता किती, हे काढायचं. पेनल्टीचा आकडा पाऊणच्या आसपास येतो, कारण चारपैकी साधारण तीन पेनल्टी गोलात जातात. लांबून मारलेल्या फटक्याचा आकडा अगदी नगण्य. आता एखादी बचावपटू मैदानावर असताना प्रतिस्पर्ध्यांच्या वाट्याला कोणत्या दर्जाच्या संधी आल्या, हे पाहायचं. गोल झाला की नाही, यात नशिबाचा भाग असतो. संधीच मिळू दिली नाही, यात नशीब कमी आणि काम जास्त. सोबत कॅमेऱ्यांच्या मदतीने प्रत्येकीची जागा सेकंदागणिक नोंदवता येते. या दोन्हींमुळे न झालेला गोल पहिल्यांदा कागदावर दिसू लागला. चांगल्या सेंटर-बॅकसाठी क्लब मोठी रक्कम मोजायला धजावतात, त्यामागे हे एक ठोस कारण आहे.

आकडे नसतानाही काही गोष्टी डोळ्यांना दिसतात. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने सुवर्ण जिंकलं. सहा सामन्यांत त्यांच्यावर फक्त दोन गोल झाले. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, तिन्ही सामने त्यांनी १-० असे जिंकले, त्यातले दोन जादा वेळेत. मागे गिर्मा होती. असा संघ एका गोलावर सुवर्णपदक नेतो, कारण दुसऱ्या टोकाला एकही गोल होत नाही.

‘उंच, धिप्पाड आणि जोरात लाथ मारणारी हवी’, हे खरं का?

अर्धं खरं. फ्रान्सची वेंडी रेनार १.८७ मीटर उंच आहे. मार्टिनिक बेटावरची ही मुलगी २००६मध्ये ल्योंच्या क्लबात आली आणि तिथेच राहून तिने आठ वेळा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. हवेतला चेंडू तिच्याकडून घेणं ही प्रतिस्पर्ध्यांची मोठी डोकेदुखी, आणि कॉर्नरवर हेडरने, म्हणजे डोक्याने चेंडू मारून, गोल करण्यात ती अनेक आघाडीवीरांच्या बरोबरीची. पण तिच्या इतकं उंच असणं ही अट असती, तर जगातल्या बहुतेक बचावपटू बाद झाल्या असत्या. अंदाज, वेग आणि थंड डोकं यांवरच बहुतेकींची कारकीर्द उभी राहते.

शिवाय दोन नियमबदलांनी हे काम मुळापासून बदललं. १९९२मध्ये ठरलं, की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. आधी अडचणीत सापडलेली बचावपटू चेंडू सरळ मागे द्यायची आणि सुटका करून घ्यायची. ती वाट बंद झाली. मग २०१९मध्ये गोल-किकचा, म्हणजे आपल्या गोलजाळ्याजवळून चेंडू पुन्हा खेळात आणण्याचा, नियम बदलला. चेंडू पेनल्टी बॉक्सच्या बाहेर जाण्याची वाट न पाहता बॉक्सच्या आतच सहकारी तो घेऊ शकते. आता सेंटर-बॅक आपल्या गोलरक्षकाशेजारी, अगदी संकटाच्या तोंडाशी उभी राहून खेळ सुरू करते आणि समोरून दोन-तीन आघाडीवीर धावत येत असताना शांतपणे पास शोधते. एक चूक झाली की थेट गोल. त्यामुळे आज क्लब बचावपटू निवडताना तिचे पास मध्यरक्षकाच्या तोलाचे आहेत का, हे आधी पाहतात.

फुल-बॅकचा प्रवास आणखी लांबचा. २०२३च्या विश्वचषकाचा अंतिम सामना सिडनीत स्पेनने इंग्लंडविरुद्ध १-० असा जिंकला, तो गोल ओल्गा कारमोना या डाव्या फुल-बॅकचा. इंग्लंडची लूसी ब्राँझ उजव्या कडेची. ल्योंकडून तीन आणि बार्सिलोनाकडून दोन अशा पाच चॅम्पियन्स लीग तिच्या नावावर आहेत, आणि २०२०मध्ये फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली बचावपटू ठरली. तरी दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीचा ‘बॅलन डी’ओर’ हा पुरस्कार महिलांना २०१८पासून दिला जातो, आणि २०२५पर्यंत तो एकाही बचावपटूला मिळालेला नाही. मतदार अजूनही गोलांकडेच पाहतात. मला हे मनापासून खटकतं.

११ लाख डॉलर कुणाच्या खिशात गेले?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ट्रान्सफरची रक्कम खेळाडूला मिळत नाही. खेळाडूचा क्लबशी ठरावीक मुदतीचा करार असतो. फिफाच्या नियमांप्रमाणे तो किमान चालू हंगाम संपेपर्यंत आणि साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा. मुदत संपायच्या आत दुसऱ्या क्लबाला ती हवी असेल, तर तो पहिल्या क्लबाला भरपाई देतो. ही भरपाई म्हणजे ट्रान्सफरची रक्कम. देशाबाहेरच्या व्यवहारात त्यातला ५ टक्के भाग, खेळाडू १२ ते २३ वर्षांची असताना जिथे जिथे घडली, त्या क्लबांमध्ये वाटला जातो. खेळाडूला मिळतो तो नव्या करारातला पगार. करार पूर्ण संपला असेल, तर ती कोणत्याही भरपाईविना कुठेही जाऊ शकते.

महिला फुटबॉलमध्ये बराच काळ करार एकेका हंगामाचेच असत. एक वर्षाचा करार म्हणजे दर उन्हाळ्यात घर, गाव, कधी देशही बदलायची तयारी ठेवायची. आणि असा करार लवकर संपत असल्यामुळे भरपाई मागायला क्लबाकडे फारसं काही उरत नसे. म्हणून मोठ्या रकमांची ट्रान्सफर हीसुद्धा एक चांगली खूण आहे. क्लब आता खेळाडूंना दीर्घ मुदतीचे करार देऊ लागले आहेत, हे तिच्यावरून कळतं.

शिखरावरचं हे चित्र पायथ्याशी दिसत नाही. फिफाच्या २०२४च्या सुमाराच्या एका अहवालात महिला खेळाडूंचा सरासरी वार्षिक पगार सुमारे १०,९०० डॉलर होता. सर्वांत पैसेवाल्या गटातल्या क्लबांमध्येही सरासरी २४,००० डॉलरच्या आसपास. मूठभर श्रीमंत क्लबांमुळे ही सरासरी वर ओढली गेली आहे, म्हणजे सामान्य खेळाडूचा पगार याहूनही खाली. म्हणून अनेक जणी नोकरी करतात, शिक्षण चालू ठेवतात. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी.

‘प्रेक्षकच नाहीत, तर पगार कुठून येणार?’

हा आक्षेप सगळीकडे ऐकू येतो आणि वरवर तो बिनतोड वाटतो. पण इतिहास पाहिला की त्याची ताकद ओसरते. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ आणि ‘सेंट हेलेन्स’ या दोन महिला संघांच्या सामन्याला सुमारे ५३,००० लोक आले होते. जागा नसल्यामुळे हजारो जणांना बाहेरूनच परतावं लागलं. वर्षभरातच, डिसेंबर १९२१मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने महिलांचे सामने आपल्या क्लबांच्या मैदानांवर खेळवायला बंदी घातली. ही बंदी उठायला १९७१ उजाडलं. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० अशी बंदी होती. ब्राझीलमध्ये १९४१पासून कायद्यानेच मनाई होती, ती १९७९पर्यंत टिकली.

म्हणजे पुरुषांचा खेळ ज्या दशकांत स्टेडियमं, प्रक्षेपण आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे चाहते जमवत होता, त्या काळात महिलांना मैदानाचं दारच बंद होतं. प्रेक्षक नव्हते असं नाही. होते ते हिरावले गेले. आणि दार उघडलं तेव्हा काय झालं, हेही दिसलंच. २२ एप्रिल २०२२ रोजी बार्सिलोना आणि व्होल्फ्सबुर्ग यांच्यातल्या चॅम्पियन्स लीगच्या सामन्याला कँप नूवर ९१,६४८ प्रेक्षक होते.

पगाराच्या लढाईत एक बचावपटू अगदी पुढे होती, हे मला इथे आवर्जून नोंदवावंसं वाटतं. २०१६मध्ये अमेरिकी महिला संघातल्या पाच खेळाडूंनी असमान वेतनाविरुद्ध सरकारी आयोगाकडे तक्रार दाखल केली. त्यांत सेंटर-बॅक बेकी सॉवरब्रन होती. पुढे तिने खेळाडूंच्या संघटनेचं अध्यक्षपदही सांभाळलं. २०२२मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली आणि राष्ट्रीय संघासाठी खेळताना पुरुष आणि महिलांना समान वेतन देण्याचं मान्य झालं. सॉवरब्रनने २०२४च्या डिसेंबरमध्ये, ३९व्या वर्षी, निवृत्ती घेतली.

गुडघा : या कारकिर्दीवरचं सर्वांत मोठं सावट

महिला खेळाडूंच्या बातम्यांत ‘एसीएल’ हा शब्द वारंवार येतो. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध एकमेकांना छेद देतात. त्यातला पुढचा तो एसीएल. नडगी पुढे घसरू नये आणि गुडघा नको तसा पिळू नये, हे तो पाहतो. तो तुटला की बहुतेक व्यावसायिक खेळाडूंना शस्त्रक्रिया करावी लागते, आणि मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं.

महिला खेळाडूंमध्ये ही दुखापत पुरुषांच्या किमान दुप्पट आढळते. विशेष म्हणजे ती बहुतेक वेळा कुणाच्या धक्क्याने होत नाही. वेगात धावताना एकाएकी थांबणं, पाय रोवून दिशा बदलणं, उडी मारून एका पायावर उतरणं, अशा क्षणी गुडघा आत वळतो आणि तुटतो. बचावपटूचं काम आठवून पाहा. आघाडीवीर आपल्याला हवं तेव्हा वळते. बचावपटूला तिच्यामागून, तिच्या मनाप्रमाणे वळावं लागतं. वळण कधी येणार हे तिला आधी माहीत नसतं.

२०२२-२३च्या एकाच हंगामात आर्सेनलच्या चार खेळाडूंचे एसीएल तुटले. त्यांपैकी लिया विल्यमसन आणि लॉरा वीनरॉइटर या दोघी बचावपटू. विल्यमसन इंग्लंडची कर्णधार होती आणि तिचा २०२३चा विश्वचषक हुकला. ती परतली, २०२५च्या मे महिन्यात आर्सेनलबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकली आणि जुलैमध्ये कर्णधार म्हणून युरोपातल्या देशांचा युरो चषकही उचलला. गिर्मानेही विद्यापीठात असताना हीच दुखापत सोसली आहे. या परतलेल्यांच्या कहाण्या आपल्याला कळतात. एका वर्षाच्या करारावर, तुटपुंज्या पगारात खेळणारीचा गुडघा गेला तर करार संपेपर्यंत ती बरी होत नाही आणि पुढचा करार मिळत नाही, हे मात्र बातमीत येत नाही.

‘मग बायकांचं शरीरच या खेळासाठी नाही’, असं कोणी म्हणेल. हे उत्तर फार घाईचं आहे. कंबरेची रचना, संप्रेरकं, यांचा अभ्यास सुरू आहे. पण त्याखेरीज बरंच काही आहे, जे माणसांच्या हातात आहे. बूट अनेक वर्षं पुरुषांच्या पायांच्या साच्यावर बनले. मुलींना ताकदीचा व्यायाम मुलांपेक्षा उशिरा मिळतो. फिजिओ, विश्रांती, बरी मैदानं, प्रवासाची सोय, या सगळ्यांत कमतरता असते. फिफाचा ‘११+’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. उडी मारून नीट उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणं, असे त्यात व्यायाम असतात. तो नियमित केला तर दुखापती लक्षणीय घटतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. त्याला पैसा लागत नाही, शिस्त लागते. आपली मुलगी कुठेही फुटबॉल खेळत असेल, तर तिच्या प्रशिक्षकाला या वॉर्म-अपबद्दल जरूर विचारा.

डोक्याने परतवलेला चेंडू

बचावपटूंसाठी खास असा आणखी एक धोका आहे, ज्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट निघालं. २०२१मध्ये त्यांनी जागेनुसार हिशेब मांडला, तेव्हा असे आजार होण्याचा धोका बचावपटूंमध्ये सर्वाधिक, जवळजवळ पाचपट दिसला. गोलरक्षकांमध्ये तो सामान्य लोकांइतकाच होता. वारंवार हेडर मारणं हे यामागचं कारण असावं, असा दाट संशय आहे.

हे आकडे पुरुषांचे आहेत. पण लांबून आलेला चेंडू डोक्याने परतवण्याचं काम महिला सेंटर-बॅकही करते, आणि डोक्याला मार लागून मेंदूला होणारी इजा (कन्कशन) महिला खेळाडूंमध्ये तुलनेने जास्त आढळते. इंग्लंडमध्ये २०२१पासून सरावात जोराचे हेडर आठवड्याला दहाच्या वर नकोत, अशी सूचना आहे, आणि ती महिलांच्या व्यावसायिक लीगलाही लागू आहे. मला ही सूचना सगळीकडे हवीशी वाटते. सामना टाळता येत नाही. सराव बदलता येतो.

मूल हवं असेल तर कारकीर्द संपते का?

संपायला नको, आणि हे बचावपटूंनी फार पूर्वी दाखवून दिलं. अमेरिकेची जॉय फॉसेट खेळत असतानाच तीन मुलींची आई झाली. तरीही १९९५, १९९९ आणि २००३ या तिन्ही विश्वचषकांत ती आपल्या संघासाठी प्रत्येक मिनिट मैदानावर होती. तिचीच सहकारी क्रिस्टी रॅम्पोन दोन मुलींची आई असताना संघाची कर्णधार होती, ३११ आंतरराष्ट्रीय सामने खेळली आणि २०१५च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वयाच्या ४०व्या वर्षी उतरली.

पण त्यांच्या जिद्दीवर व्यवस्था चालवणं योग्य नाही. जानेवारी २०२१पासून फिफाचा नियम आहे : किमान १४ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा, त्यात किमान दोन तृतीयांश पगार, आणि १४ पैकी किमान आठ आठवडे बाळंतपणानंतर. गरोदर असल्याच्या कारणाने करार तोडता येत नाही. परतल्यावर तिला संघात सामावून घेणं क्लबावर बंधनकारक आहे. नियम कागदापुरता राहिला नाही, हेही लवकरच कळलं. आइसलंडची मध्यरक्षक सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर हिने गरोदरपणातल्या थकलेल्या पगारासाठी ल्यों क्लबाविरुद्ध फिफाकडे दाद मागितली आणि तिला ८२,००० युरोंहून जास्त रक्कम मिळाली.

चूक झाली की सगळ्यांना दिसते

आघाडीवीराने तीन संधी वाया घालवल्या आणि चौथीवर गोल केला, तर ती सामन्याची नायिका. बचावपटूने ८९ मिनिटं निर्दोष खेळून ९०व्या मिनिटाला एक पास चुकवला, तर पराभव तिच्या नावावर लागतो. या असमान हिशेबाचं ओझं मनावर किती असतं, हे २०२५च्या युरोमध्ये जगाने पाहिलं. इंग्लंडची बचावपटू जेस कार्टर हिला समाजमाध्यमांवर वर्णद्वेषी शिव्या आल्या. तिने ते जाहीरपणे सांगितलं आणि समाजमाध्यमांपासून दूर झाली. उपांत्य सामन्यात ती खेळली नाही. २७ जुलैला बाझेलमध्ये स्पेनविरुद्धच्या अंतिम सामन्यात ती पहिल्या मिनिटापासून मैदानावर होती, आणि इंग्लंडने तो पेनल्टींवर जिंकला. त्याच सामन्यानंतर कळलं, की लूसी ब्राँझ संपूर्ण स्पर्धा नडगीचं हाड तडकलेल्या अवस्थेत खेळली होती. ब्राँझच्या धैर्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, ते योग्यच. कार्टरने जे केलं ते मला त्याहून अवघड वाटतं.

किती वर्षं खेळता येतं आणि पुढे काय?

बचावपटूंची कारकीर्द विंगरांपेक्षा थोडी लांबते. तिशीनंतर वेग कमी होतो, पण सेंटर-बॅकचं अर्धं काम धावण्याआधीच, अंदाजात, होऊन जातं. अनुभवाने तो अंदाज पक्का होतो. अनेक फुल-बॅक मात्र तिशीनंतर आत सरकतात किंवा थांबतात, कारण कडेने सतत वरखाली धावणं शरीर सोसत नाही.

नंतरचं आयुष्य ज्यांनी आधी आखलं, त्यांना सोपं जातं. पुरुष फुटबॉलमध्ये वरच्या लीगमधल्या खेळाडूने दहा वर्षांत आयुष्यभराची कमाई केलेली असू शकते. महिला फुटबॉलमध्ये हे फार थोड्या जणींच्या वाट्याला येतं. म्हणून शिक्षण आणि प्रशिक्षकाचा परवाना खेळत असतानाच पूर्ण करण्याकडे कल वाढतो आहे. प्रशिक्षकपदासाठी बचावपटूची नजर उपयोगी पडते, कारण वर्षानुवर्षं तिने संपूर्ण मैदान समोर ठेवून इतरांना जागा नेमून दिलेल्या असतात. सोनिया बोंपास्तोर ही फ्रान्सची डाव्या कडेची खेळाडू. खेळाडू म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणूनही चॅम्पियन्स लीग जिंकणारी ती पहिली महिला. नेदरलँड्सची सरिना वीगमन कारकिर्दीच्या उत्तरार्धात बचावफळीत खेळली आणि खेळत असतानाच शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायची. प्रशिक्षक म्हणून तिने २०१७, २०२२ आणि २०२५ असे लागोपाठ तीन युरो चषक जिंकले, पहिला नेदरलँड्सबरोबर आणि पुढचे दोन इंग्लंडबरोबर. २०२३च्या महिला विश्वचषकात ३२ संघ उतरले होते, आणि त्यांपैकी १२ संघांच्याच मुख्य प्रशिक्षक महिला होत्या.